सरी म्हणजे ठीक

गच्चीवर काम केलं की किस्से साचतात, पॅनेलवर धूळ साचते तसे. पुसायला कोणी येत नाही. मी फारसा शिकलेलो नाही, आठवतं तसं लिहितो. पटलं नाही तर सोडा!

सोलरची जोडणी करणारे आम्ही दोघं, मी आणि गुंडूअण्णा. दोघंही बेंगळूरचेच, जुन्या मराठी घरांतले.

*

के. आर. पुरमला पुण्याचा एक आयटीवाला होता. अण्णा प्रत्येक वायर ओढून बघायचा आणि कानडीत म्हणायचा, "सरी!" म्हणजे ठीक. पुणेकराला वाटलं, 'सर' म्हणतोय, बाजूला हो. बिचारा मागं मागं जात टाकीला टेकला.

"काका, आता सरायला जागा नाही हो!"

तेव्हा हसत होतो आम्ही.

*

मल्लेश्वरमची एक बाई, नाकावर राग.

"नारळाची सावली एकाच पॅनेलवर. मग बाकीच्यांना काय रोग झाला?"

"अक्का, सगळी एका माळेत जोडलीत. एक बसलं की सगळ्यांचा जोर जातो."

"मग त्या एकाला काढून टाका!"

अण्णा तिच्याकडं बघत राहिला. म्हणजे ती उभी होती तिथून जरा डावीकडं.

*

मग एकदा वायर जोडताना अण्णा हळूच म्हणाला, "लाल कुठली रे?"

लालच त्याच्या हातात होती! मी शिवी हासडायला गेलो, आणि ती तोंडातच राहिली.

तेव्हापासून लाल वायरीच्या टोकाला मी टेप गुंडाळून ठेवायचो, बोटाला लागेल अशी.

आम्हाला कामं देणाऱ्या कंत्राटदाराला वास लागला. "अण्णाला दिसत नसेल तर उद्यापासून घरी. करंटचं काम आहे."

"तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं!" मी म्हणालो.

अण्णाच्या घरी कोणी नाही. "घरी बसून काय, भिंती बघू?" म्हणायचा. भिंती तरी कुठं दिसणार होत्या!

*

देवनहळ्ळीचं नवं लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वसाहत. झाड नाही, टाकी नाही, रणरणतं ऊन. तरी मीटरचा आकडा खाली.

"सावली कुठली?" कंत्राटदार शिडीवरून ओरडतोय.

बघतो तर अण्णाच पॅनेलला लागून उभा.

"अण्णा, सर! तुझीच सावली पडलीय."

"कुठं?"

"पुढ्यात की! पॅनेलवर!"

अण्णा वाकला. तळहातानं काच चाचपत गेला, आधी उन्हातली, मग सावलीतली.

"ही जरा गार लागते, ती का रे?"

कंत्राटदारानं शिडीवरून हे सगळं बघितलं. शिडी उतरता उतरता तो एवढंच म्हणाला, "सरी."