दोन डावे पंख

शेलूबाजारात हमरस्त्याला लागून माझं जीप दुरुस्तीचं गॅरेज आहे. ते कुणाच्या मेहेरबानीनं उभं राहिलेलं नाही, त्यामुळे त्यात जीप दुरुस्त करायची की विमान बांधायचं, हे मी ठरवतो. गावाला मात्र हे पटत नव्हतं. विमानाच्या धडाचा लोखंडी सांगाडा मी वेल्डिंग करून उभा केला, तेव्हा लोकांनी फवारणीचं यंत्र समजून चौकशी केली. विमान आहे म्हटल्यावर चौकशी थांबली आणि सल्ले सुरू झाले.

पंख लाकडी होते. लाकूड माझं काम नाही, म्हणून शाळेतल्या मित्राला बोलावलं. तो इंझोरीचा सुतार. बैलबंडीची चाकं करण्यात आपल्यासारखा दुसरा नाही, असं तो कुणी न विचारता सांगतो.

पहिला, म्हणजे डावा पंख देखणा झाला. मी तसं बोललो नाही. काम संपायच्या आत स्तुती केली की कारागीर चहा जास्त पितो. मी फक्त म्हणालो, "ठीक हाय. दुसरा याच्यासारखाच पायजे. सुताचा फरक दिसला तं इथं ठेवू देनार नाही."

त्यानं पहिल्या पंखावरूनच दुसऱ्याचा साचा घेतला आणि काम पूर्ण केलं. मी मोजला. सुताचा फरक नव्हता. धडाच्या दोन्ही अंगांना पंख लावून पाहिले, तेव्हा लक्षात आलं की दोन्ही डावे आहेत. उजव्या पायात डावी चप्पल घालावी तसं झालं होतं. पंखाची पुढची कड जाड आणि गोल असते, मागची निमुळती. एक पंख मंगरूळपीरला निघाला होता आणि दुसरा तिथून परत येत होता.

"लेका, हे काय करून ठेवलं?"

"तू म्हणला ना सारखा पायजे?"

"सारखा म्हणजे उलटा!"

"सारखा म्हणजे उलटा कवापासून झाला बे? मराठी कोन्या शाळेत शिकला तू?"

"तुह्याच! तू बाजूले बसून झोपत होता!"

मी पान्हा आपटला. त्यानं आपली हत्यारं पिशवीत भरली आणि इंझोरीची जीप धरली. आवाज ऐकून बायको आली. तिनं दोन्ही पंख शांतपणे पाहिले. "आता गावावरून गोल गोल फिरान, दुसरं काय," म्हणाली, आणि आत जाऊन मनमुराद हसली. आत गेली हे तिचे उपकार.

चूक सुधारण्यासारखी होती. पंखाच्या धडाकडच्या टोकाला जाड पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. त्या काढून दुसऱ्या टोकाला लावायच्या, बाहेरच्या टोकाचं हलतं फळकूट तिथून काढून पलीकडच्या टोकाला न्यायचं, की डाव्याचा उजवा. पण एक घाव वाकडा बसला की आतला लांब कणा गेला, आणि तसं बिनगाठीचं सरळ लाकूड मी वखारी पालथ्या घालून एकदाच मिळवलं होतं. तो गोंद ज्यानं लावला, त्याच्याच हातानं तो निघणार होता. दुसऱ्या सुताराला दाखवलं तर त्यानं पंखाला पाळणा समजून मला आधी पाळण्याचा दर सांगितला.

शेवटी निरोप पाठवला. मित्र आला, चहा प्यायला, पण पटाशीला हात लावेना.

"आधी सांग, चूक कोनाची?"

"तुही."

"मंग मी चाललो."

"बस! चार आने माही."

"सोळा आने तुही. मी कायले विमान पाह्यलं होतं?"

"मी तं रोज उडवतो ना! सहा."

"चौदा. पोराबाळायचा इचार करून सांगून राह्यलो."

क्लचसाठी थांबलेला एक जीपवाला पुढं सरकून मन लावून ऐकत होता. त्याच्या तोंडून हा भाव संध्याकाळपर्यंत प्रत्येक थांब्यावर उतरला असता. मित्राच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. बैलबाजारात दलाल करतात तसं आम्ही मुकाट्यानं एकमेकांची बोटं धरून आणे ठरवू लागलो. त्यानं दाबली, मी झटकली. मी धरली, त्यानं मान हलवली. माझं डोकं तापलं होतं, पण दुपट्ट्याखाली ओरडता येत नाही, ही त्या पद्धतीतली मोठीच गैरसोय. बऱ्याच वेळानं त्यानं माझा हात धरून ठेवला.

आकडा मी सांगणार नाही. तो अन्यायाचा होता, एवढंच नोंदवतो. सौदा करताना मी इतका कधीच दबलो नव्हतो.

त्यानं दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला, पटाशीला धार दिली आणि पंखाशी बसला. बारीक ठोके देत देत त्यानं पहिली पट्टी सोडवली. खालचा कणा शाबूत होता, ओरखडाही नाही.

"कितीत पटलं मंग?" जीपवाल्यानं विचारलं.

"तुले काय करा लागते?" आम्ही दोघं एकदमच त्याच्या अंगावर गेलो.