भर दुपारची चाचणी

कुलथे सरांची आणि माझी पहिली भेट १९९८ साली झाली, अंबडच्या एका छोट्या कारखान्यात. मी नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. घरातली पहिली पदवीधर असल्याचं अभिमानानं सांगत होते. मुलाखत घेणाऱ्या सरांचं लक्ष मात्र दाराबाहेर थांबलेल्या बाबांकडे होतं. बाबांनी उजवा हात खिशातून काढलाच नव्हता.

"प्रेसवर होते?" सरांनी विचारलं.

"हो. बोटं गेली," मी म्हणाले.

"मग आपलं काम कशासाठी, हे तुला सांगायला नको."

आम्ही पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेससाठी सुरक्षा-पडदे बनवत असू. एका बाजूला एलईडींची रांग, समोर तो प्रकाश ओळखणारे फोटोडायोड. मध्ये हात आला की प्रकाश अडतो आणि प्रेस थांबते. एलईडीचा प्रकाश मोजून हळूहळू कमी करायचा आणि फोटोडायोड तो कुठवर ओळखतो ते पाहायचं, हे माझं काम. ते अंधाऱ्या खोलीत चाले. माल बाहेर जायला सरांची सही लागे, पण सर तेवढ्यावर कधीच सही करत नसत. ते पडदा भर दुपारी, छताच्या पारदर्शक पत्र्याखालच्या प्रेसला लावत आणि हाताऐवजी डब्यातली काकडी आत सरकवत.

एकदा मोठी ऑर्डर होती. मालक वैतागले. "कुलथे, खोलीत पास झालंय ना? कोशिंबीर करायचीय का आता?" सगळे हसले. सरांनी काकडी सरकवली. प्रेस थांबली नाही. काकडीचा चेंदा झाला. पत्र्यातून येणाऱ्या उन्हालाच फोटोडायोड एलईडीचा प्रकाश समजत होता.

"साहेब, आता तुम्ही हात घाला. लगेच सही करतो."

कोणी हसलं नाही. माल थांबला, ऑर्डर गेली.

त्या ग्राहकानं दुसरीकडून तसेच पडदे घेतले. काही महिन्यांनी तिथल्या एका कामगाराचा पंजा गेला. मी म्हणाले, "सर, पडदा आपला नव्हता."

"ऊन तिथंही पडणार, हे मला माहीत होतं, सुनीता. जाऊन सांगायला हवं होतं."

तेव्हापासून सर सुट्टीच्या दिवशी काकडी घेऊन अनोळखी कारखान्यांत तिथले पडदे तपासायला जातात. पुष्कळदा फाटकावरूनच परत पाठवले जातात. परवा सातपूरलाही तसंच झालं.

सर आज साठ वर्षांचे झाले. गौरवाच्या लेखात इतकं उदास लिहू नये. पण गोड लिहिलेलं त्यांनी तपासल्याशिवाय मान्य केलं नसतं. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. बाबांना विचारलं, तुमच्याकडून काय लिहू? ते म्हणाले, "सरांना म्हणावं, लय जगा. अजून लय प्रेस चालू हायेत."