मोटारीनं ओढलेलं पाणी

बायकोचा टायफॉइड उलटला, तेव्हा मी घरातल्या प्रत्येक हाताकडे संशयानं बघायला लागलो. मुलगी पुण्याला असते, त्यामुळे हात उरले दोघांचे: माझे, आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे. माझ्या हातांवर माझा संशय नव्हता.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. टायफॉइडचा जंतू आतड्याच्या पेशीत कसा शिरतो, हा माझा आवडता तास. तो भिंत फोडत नाही. सुईसारख्या नळीतून स्वतःची काही प्रथिनं पेशीत सोडतो, आणि ती प्रथिनं पेशीतल्या निरोप्यांची हुबेहूब नक्कल करतात. पेशीला वाटतं, हुकूम घरातूनच आलाय. मग तिच्या आतले धागे सरकतात, कातडीला घड्या पडतात आणि ती आपणहून जंतूला आत ओढून घेते. काम झालं की त्याचंच आणखी एक प्रथिन त्या घड्या सरळ करून टाकतं. बाहेरून काही घडल्याची खूण राहत नाही. इथे वर्ग शांत होतो, आणि मला ते सुखावतं.

काही माणसांच्या पित्ताशयात हा जंतू वर्षानुवर्षं राहतो, त्यांना स्वतःला मात्र काही होत नाही. मावशी मूळच्या वैरागकडच्या. मुलगी शाळेत होती तेव्हापासून आमच्याकडे. इतक्या काळात त्या तापानं पडल्याचं मला आठवेना. एरवी मी त्याचं कौतुक केलं असतं. आता तेच खुपायला लागलं.

त्या भाकरी थापत असताना मी मागे जाऊन उभा राहायचो. साबणाची वडी झिजली का ते बघायचो.

“सर, मीठ चाखायचंय का?”

“नाही, सहज आलो.”

“सहज, आन् रोज?”

शेवटी मी त्यांना शौचाची तपासणी करायला सांगितलं. त्या करून आल्या. काही निघालं नाही. “झालं समाधान?” बायको म्हणाली. झालं नव्हतं. जंतू रोज बाहेर पडतोच असं नाही, एका तपासणीनं काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलोय. मी पुन्हा तपासणी करायला सांगितली.

“पोलीस बी खिसा एकदाच बगत्यात, सर.” त्या एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत साबणानं सावकाश हात धुतले, पदराला पुसले आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून कामाला आल्या नाहीत.

“अहो, ताप चढला की त्या माझं कपाळ चेपत बसायच्या,” बायको आतून म्हणाली. “तुम्ही तर दारातूनच विचारता, कसं वाटतंय म्हणून.”

आमच्याकडे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक घर नळाला थेट मोटार लावतं. त्याला मनाई आहे. महापालिकेची तपासणीची गाडी आली की आम्ही मोटारीवर पोतं टाकतो. मीही टाकतो. मोटार नसेल तर आपलं पाणी शेजारच्याच्या टाकीत जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मावशींनी येणं सोडल्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी सकाळीच वीज गेली. नळाला आपल्या दाबानं बारीक धार लागली होती, स्वच्छ. मी एक कळशी भरली. वीज आली, गल्लीभर मोटारी घुमू लागल्या, मीही बटण दाबलं. धार जाड झाली आणि पुसटसा वास आला. तो नेहमीच यायचा. जुन्या पाइपाचा वास म्हणून आम्ही सोडून देत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा विचार केला. पाइप गटारीच्या कडेनं येतो. पाणी आतून रेटत असतं तोवर बाहेरचं आत येत नाही. आम्ही सगळे इकडून ओढतो, तेव्हा पाइप सैल सांध्यांतून गटार शोषतो.

मी दोन्ही पाण्यांची एकेक बाटली भरून कॉलेजात नेली आणि ते पाणी जंतू वाढवायच्या नळ्यांत घालून ठेवलं. कळशीतल्या पाण्याच्या नळ्या तशाच राहिल्या. मोटारीच्या पाण्याच्या नळ्यांमध्ये वायूचे बुडबुडे धरले. त्या पाण्यात मैला मिसळत असावा, एवढंच त्यावरून म्हणता येतं. टायफॉइडचाच जंतू सापडला, असं मी म्हणणार नाही. पण मावशींवर संशय घ्यायला मला एवढाही पुरावा लागला नव्हता.

त्यांच्या घरी गेलो. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

“आता काय, रक्त पायजे व्हय?”

मी सगळं सांगितलं. माफी मागितली.

“म्हंजे तुमीच वडत हुता घाण?”

“हो.”

“तुमच्या फुडचीच गल्ली आमची. पाइप त्योच की. हितं कुनाकडं मोटार न्हाय.” त्यांनी मागं वळून घरात बघितलं. “नातीला लई जुलाब झाल्ते उन्हाळ्यात.”

परत या, म्हणालो.

“मोटार काडली?”

“काढली.”

“तुमची. बाकीच्यांच्या?”

“बोलतो त्यांच्याशी.”

“बोला. मग बगू.”

बायको आता उकळलेलं पाणी पिते. ताप उतरलाय. भाकरी मी थापतो, त्या तव्यावर फाटतात. पुढच्या पाण्याच्या दिवशी मी पहिल्या शेजाऱ्याचं दार वाजवलं. त्यानं ते निम्मंच उघडलं आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “सर, तपासणीवाल्यांनी पाठवलं काय तुम्हाला?”

नाही, म्हणालो, चूक माझीच होती, तेच सांगायला आलोय. मागं त्याची मोटार चालू होती. त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं.