मामांच्या लेकीचा फिल्टर

हिंगोली जिल्ह्यात पाणी पिणारी माणसं पुष्कळ असतील, पण पाण्याची आधी चौकशी करून मगच ते घशाखाली उतरवणारा माणूस एकच, तो म्हणजे माझे मामा. शाळेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी आरओचा फिल्टर बसवला आणि खिशात पेनाशेजारी पाण्यातले क्षार मोजायचं मीटर आलं. चहाच्या हॉटेलात ते मीटर ग्लासात बुडे, लग्नाच्या पंगतीत बुडे. एकदा औंढ्याला तर हातावरच्या तीर्थात बुडालं. पुजारी बघतच राहिले. मामा अदबीनं म्हणाले, "तीर्थ पावन हाय महाराज, पण पाणी लई जड लागून राहिलं."

घरी कुणी पाहुणा आला की चहाआधी फिल्टरचं झाकण निघे. "हा धाग्याचा फिल्टर गाळ धरते. कार्बन वास काढून घेते. मग पंप पाण्याला दाबून या पडद्यातून काढते. पाणी पार होते अन् क्षार मागं राहते." मागं राहिलेलं ते खारं पाणी नळीतून बादलीत पडे, आणि त्यातला थेंबही मोरीत जाऊ द्यायला मामा तयार नसत. त्यावर फरशी धुऊन निघे, भांडी निघत, मोटारसायकल निघे. मामी म्हणायच्या, "पाव्हण्यांला उभं ठेवा आता. बसायच्या जागेवर बादल्या बसल्यात." गाळाचा फिल्टर बदलला की जुना, चहासारखा तपकिरी झालेला, मामा खिडकीत ठेवत. गल्लीनं बघावं, आपण काय पीत होतो ते.

एकुलत्या एका लेकीला डोंगरकडा गावी दिलं तेव्हा आंदण म्हणून त्यांनी फिल्टरच दिला, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असं व्याह्यांना बजावलं. अडचण एकच होती. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा मामांच्या घरातला जुना रिवाज, आणि विनाकारण लेकीच्या दारी जाणंही त्यांना पटत नसे. मग फिल्टर बिघडे. लेक फोन करी, की मामा पान्हे पिशवीत टाकून, प्यायला घरचं पाणी बाटलीत भरून एसटीत बसत. इतका बिघडणारा फिल्टर मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या खेपेला मी सोबत होतो. "बाबा, थेंब थेंब पाणी देऊन राहिला," एवढीच तक्रार होती. मामांनी गाळाचा फिल्टर बदलला, पंपाला कान लावला, पडदा तपासला. सगळं ठीक. मी खाली वाकलो तर भिंतीजवळची, फिल्टरला पाणी सोडणारी तोटी अर्धी बंद. मान वर केली, तर दारात मामेबहीण ओठांवर बोट ठेवून उभी. मी तोटी तशीच सोडून उठलो. थोड्या वेळानं मामांचाच हात तोटीपाशी गेला, क्षणभर थांबला आणि त्यांनी ती हळूच पूर्ण उघडली. "व्हय, मोठा बिघाड व्हता," ते गंभीरपणे म्हणाले.

पाणी भरलं. मीटरनं पास केलं. मामा हात पुसून उठणार, तोच बहिणीनं भरलेला ग्लास पुढं केला.

"मीटरला चव कळते काय, बाबा?"

मामा ग्लासाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तपासायला घेतलं तर चालते. ते पिणं न्हाई." आणि एका दमात ग्लास रिकामा केला. थोडं थांबून तो पुन्हा पुढं केला. "एका ग्लासात बराबर अंदाज न्हाई आला, माय."

तिनं दुसरा भरला, पण भरताना ती तोंड भिंतीकडे फिरवून उभी होती.

परतताना एसटीत मामा खिडकीशी बसले होते. म्हणाले, "तोटी तिनंच बंद केली व्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"काहून बोलू? बोललो तं पुढच्या बारीला लेकीला दुसरं काही शोधावं लागंल."

कळमनुरी मागं पडली, तरी ते बाहेरच बघत होते.