यशस्वी यादीतली बाई

अन्याय धानोरा तालुक्यातल्या एका पत्रावळी करणाऱ्या बाईवर झाला. मागच्या उन्हाळ्यात, मंगळवारी, दुपारी अडीच वाजता. करणारा मी.

लहान धंद्यांना दिलेल्या सरकारी मदतीचा उपयोग झाला का, हे तपासायचं काम मला मिळालं होतं. एरवी पत्रकं काढून याच योजनांना शिव्या घालणारा मी, त्या दिवशी तिच्या ओसरीत फॉर्म घेऊन बसलो. यंत्र मिळालं? हो. प्रशिक्षण झालं? हो. पाटी लावली? हो. पत्रावळ्या दाबायच्या यंत्रावर धानाची पोती रचलेली होती. फोटो बरा यावा म्हणून ती मीच उचलून बाजूला ठेवली. यंत्र चालतं का, हा प्रश्न फॉर्मात नव्हता. मीही विचारला नाही. ‘यशस्वी’ लिहिलं आणि निघालो.

पावसाळा सरल्यावर पुन्हा गेलो, स्वतःहून. ती एकटीच बसून पळसाची पानं बांबूच्या काड्यांनी टाचत होती. पोती यंत्रावर.

“चालत नाई का, बाई?”

“गावची लाईन कमजोर हाये. साचा तापेपर्यंत लोकं जेवून घरी जातात.”

योजनेआधी पाच जणी मिळून जंगलातून पानं आणायच्या, एकाच झाडाखाली बसून टाचायच्या. यंत्र मात्र एकीच्याच, हिच्या नावावर आलं.

“मंग आता त्यायच्यात काऊन नाई बसत?”

“गेली होती ना. म्हणतात, सरका वं, मालकीण आली.” ती हसली. मग पुढचं पान उचलून टाचायला लागली.

यंत्र पाचही जणींच्या नावावर करा आणि ते चालेल अशी वीज द्या, असा अर्ज तिने केला होता. उत्तराचा कागद तिने माझ्यापुढे धरला. लाभार्थी यशस्वी आहे, पुढील मदतीची गरज नाही.

“मी यशस्वी कवा झाली, भाऊ? मले तं कोणी सांगतलंच नाई.”

मी सांगितलं. कोणी लिहिलं तेही सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, “आता खोडता येते का?”

कार्यालय म्हणतं, येत नाही. माझा लेखी कबुलीजबाब शिक्का मारून तिथे पडून आहे. माझ्यासोबत फॉर्म भरत फिरलेल्यांकडे, आम्हीही असंच लिहिलं म्हणून, त्याखाली सही मागितली. एकानेही दिली नाही, आता फोनही उचलत नाहीत. एकट्याचं म्हणणं म्हणजे अपवाद, असं साहेब म्हणाले. तिकडे ती एकटी, इकडे मी.

म्हणून तुम्हाला सांगतो, विनंती नाही करत. तुमच्या तालुक्याची यशस्वी यादी मागा. त्यातलं एक नाव घ्या आणि न कळवता त्या दारात जा. मागच्या आठवड्यात काय बनवलं, कोणी घेतलं, सोबत कोण होतं, एवढं विचारा. जे ऐकाल ते लिहा, खाली स्वतःची सही करा आणि कार्यालयात नेऊन द्या. याच आठवड्यात.