गुरुवारचा गणवेश

जानेवारीतला गुरुवार. सकाळी उसाच्या रानावर धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन. रोजच्या वहीत एवढंच लिहून थांबणार होतो. पण त्या दिवशी मी जो शहाणपणा केला तो लपवून काय उपयोग? सगळ्या कन्हेरी गावाला ठाऊक आहे.

त्याचं असं झालं. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली, म्हणून मी दत्तूच्या टपरीवरचा चहा सोडला. वजन उतरावं म्हणून मोटारसायकल घरी ठेवून फाट्यापर्यंत चालत जाऊ लागलो. फाट्यावरून कंपनीची बस मिळते. मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो.

आता दिवस मंदीचे. शेजारच्या कारखान्यात नुकतीच एक पाळी बंद झालेली. आणि आमच्याकडे माणसाची नोकरी गेली की आधी टपरीवरचा चहा सुटतो, मग गाडी. मी दोन्ही एकाच आठवड्यात सोडलं. गावानं काय समजायचं, तुम्हीच सांगा.

शेजारच्या आक्का वांगी घेऊन आल्या. "असू द्या भाऊजी. हे बी दिवस जात्यात."

मी वांगी ठेवून घेतली. अर्थ काही लागला नाही.

बुधवारी दत्तूनं रस्त्यात गाठलं. "तात्या, कधी काढलं कामावरनं?"

"कुणाला?"

"आता माझ्यापशी कशाला लपवताय? कऱ्हाटीचं पाव्हणं बी इचारत हुतं."

कऱ्हाटीच्या मुलाशी आमच्या लेकीचं, मनीषाचं जमत आलेलं, शुक्रवारी सुपारी फुटायची होती.

तोंडानं सांगून कोण ऐकतंय? पुरावाच दाखवायचा. गुरुवारी बारामतीच्या बाजाराला निम्मी कऱ्हाटी असते. मी कंपनीचा निळा गणवेश कडक इस्त्री करून घातला. गळ्यात ओळखपत्र, पायात सेफ्टी बूट, काखेत हेल्मेट. कोथिंबिरीपासून कांद्यापर्यंत तीन फेऱ्या मारल्या.

मुलाचे वडील सर्जेराव लसूण निवडत होते. त्यांनी मला खालून वर बघितलं.

"कुठं निघालाय, तात्या?"

"कुठं म्हंजे? कामावर."

"गुरुवारी तर तुमच्या कंपनीला सुट्टी असती."

एकोणीस वर्षं दर गुरुवारी माझ्या वहीत 'आज सुट्टी' असं लिहिलेलं आहे.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. नोकरी तर गेलीच, आता डोक्यावर बी परिणाम झालाय. आक्का पुन्हा आल्या. या वेळी वांगी नव्हती, मीठ-मोहरी होती. माझी दृष्ट काढून गेल्या.

शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून फाट्यावर उतरलो, तर समोर सर्जेराव उभे. बसकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"म्हंजे नोकरी हाय?"

"हाय की."

"मग काल बाजारात काय करत हुता?"

"नोकरी हाय म्हणून दाखवत होतो."

सर्जेरावांनी माझ्या हातातली डब्याची पिशवी स्वतःकडं घेतली. मग म्हणाले, "चला घरी."

रात्रीच्या जेवणाआधी सुपारी फुटली. याद्या झाल्या. मुलाकडच्यांनी एकच कलम घातलं: लग्नात मुलीच्या वडिलांनी कंपनीचा गणवेश घालायचा नाही.

मी सही केली.