अर्धी गोळी

प्रतिभासारखी चोख केमिस्ट मी अख्ख्या अंबरनाथ एमआयडीसीत पाहिली नाही, आणि तिचा तो चोखपणा कधीकधी माझ्या डोक्यात जायचा. आमचा कारखाना फिट्सवरच्या औषधाची पावडर बनवतो. ती एचपीएलसी नावाच्या मशीनवर तपासणं हे आमचं काम. विरघळवलेलं औषध हे मशीन एका बारीक नळीतून दाबाने ढकलतं, एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि स्क्रीनवर त्याचा उंचवटा उमटतो. त्याला आम्ही पीक म्हणतो. पीक बुटकं तर औषध कमी. प्रतिभा त्यात तसूभर सूट द्यायची नाही.

तिचा धाकटा भाऊ आकाश मार्चमध्ये फिट येऊन गेला. तो हेच औषध घ्यायचा. जवळच्या कॅम्प पाच वस्तीत जीन्स शिवायच्या कारखान्यात होता, आणि गोळीमुळे कामावर पेंगायचा. नोकरी जाईल या भीतीने त्यांची आई, गंगूबाई, त्याला अर्धीच गोळी देत होती. हे प्रतिभाला त्याच्या मरणानंतरच्या विधीत, पुण्यानुमोदनाच्या दिवशी कळलं.

उरलेल्या गोळ्या घेऊन ती लॅबमध्ये आली. बाहेरचं सॅम्पल लावायला आमच्याकडे सक्त मनाई आहे.

"लाव गं," मी म्हटलं. "नियम गेले खड्ड्यात."

गोळी बनावट निघाली, तर आई सुटणार होती. सॅम्पल फेल व्हावं असं प्रतिभाला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. मलाही वाटत होतं.

पीक आलं. वेळेवर, आमच्या खात्रीच्या औषधाइतकंच उंच. तिने दुसरी गोळी लावली. तेच. मग ती मशीनसमोरच ढसाढसा रडली.

घरी गंगूबाई वाट बघत होती. "काय निघालं?"

"खोटी होती, आई."

"म्हणजे आख्खी दिली असती, तरी गेलाच असता ना?"

"हो."

त्या दिवशी म्हातारी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

सकाळी उठून ती शेजारच्या शीलाकडे गेली. शीलाची मुलगी तीच गोळी घेते. प्रतिभा मागोमाग पोचली, तेव्हा म्हातारीने शीलाच्या हातातलं पाकीट काढून घेतलं होतं.

"नको देऊ गं पोरीला. खोटी हाय. माझ्या प्रतिभाने मशीनवर बघितलंय."

प्रतिभाने पाकीट घेतलं आणि परत शीलाच्या हातात ठेवलं.

"गोळी चांगली आहे, शीला. रोज दे. पूर्ण दे."

गंगूबाईने लेकीकडे पाहिलं. दाराची चौकट धरून ती हळूहळू खाली बसली.

"मग मीच गं," एवढंच म्हणाली.